ही मालीशवाली नव्हे, बरं का!

घरातल्या मुलीनं बारावीनंतर ‘मी फिजिओथेरपी करणार’ असं सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘म्हणजे डॉक्टरकीला नंबर लागला नाही वाटतं?’ दुसरा प्रश्न आत्याबाई विचारतात, ‘म्हणजे ते मालीश करायचं ना गं?’ आणि तीच मुलगी पदवी घेऊन, वरची पदवीही घेऊन, ‘आता मी संशोधन करणार’ म्हणाली की सगळं घर गप्प होतं. हातपाय हलवायच्या व्यायामात संशोधन ते काय करायचं, हे कुणालाच कळत नाही. स्थळ घेऊन आलेल्या मंडळींना ते समजावून सांगताना आईची तर पुरती त्रेधा उडते.

मैत्रिणींनो, आज या मुलीची ओळख करून घेऊ या. ती आपल्या नाशिकची आहे असं समजा. वय सव्वीस-सत्तावीस, शिक्षण संपत आलेलं, संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेली. तिचं नाव काहीही असू द्या, कारण अशा मुली आज महाराष्ट्रात गावोगावी आहेत. पण तिच्यासमोरचा प्रश्न मात्र तुमच्या-आमच्या घरातलाच आहे. अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेलं माणूस पुन्हा स्वतःच्या हातानं घास घेईल का? आणि ते होईपर्यंत त्याला उठवायचं, बसवायचं, चालवायचं कुणी?

म्हसरूळचा शिक्का

नाशिकहून वणी-दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसरूळ लागतं. तिथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. अभिमत विद्यापीठं सोडली, तर राज्यातल्या वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या आणि फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या पदव्या इथूनच मिळतात. म्हणजे मुलगी कोकणात शिकलेली असो की विदर्भात, तिच्या पदवीवर शिक्का नाशिकच्या विद्यापीठाचाच! खुद्द शहरातही मराठा विद्या प्रसारक समाजाचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे.

हा अभ्यासक्रम काही चार महिन्यांचा मालीशचा वर्ग नाही. चार वर्षं अभ्यास करायचा, त्यानंतर प्रत्यक्ष रुग्णालयात सक्तीची उमेदवारी. शरीररचना, शरीरक्रिया, मज्जासंस्था, हाडं, हृदय, फुप्फुसं, सगळं शिकावं लागतं. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि ज्यांना आणखी खोलात जायचं त्यांच्यासाठी पीएच.डी. २०२१ साली संसदेनं सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात फिजिओथेरपीला रीतसर स्थान मिळालं. तेव्हा ‘डॉक्टरकीला नंबर लागला नाही वाटतं’ हा प्रश्न आता आपण मागे घ्यायला हरकत नाही.

आणि ‘मालीश’ या शब्दाचं म्हणाल, तर तो टोमणा या व्यवसायाला पहिल्यापासूनच चिकटलेला आहे. लंडनमध्ये १८९४ साली मालीशच्या नावाखाली चालणाऱ्या भलत्याच धंद्यांविषयी वैद्यकीय नियतकालिकात बोभाटा झाला. तेव्हा चार परिचारिका पुढे आल्या. आपल्या चांगल्या कामाला बट्टा लागू नये म्हणून त्यांनी प्रशिक्षित स्त्रियांची एक संस्था काढली, परीक्षा ठेवल्या, नियम घातले. इंग्लंडमधली आजची फिजिओथेरपिस्टांची सर्वांत मोठी संस्था त्याच रोपट्यातून वाढली. म्हणजे या व्यवसायाची पायाभरणी करणाऱ्या बायकाच होत्या, आणि ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नाला त्यांनी काम चोख करून उत्तर दिलं.

मुंबईची साथ आणि निंबकरांची सून

आपल्याकडे या शास्त्राचं शिक्षण सुरू झालं ते मुंबईत. १९५२ साली शहरात पोलिओची साथ आली. मुलं वाचली, पण पाय लुळे पडले. औषधांनी ताप उतरला, पुढे चालायला शिकवायचं कुणी? तेव्हा १९५३ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचं विद्यालय निघालं. देशातलं ते पहिलं. पाठोपाठ १९५५ साली हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था उभी राहिली.

फिजिओथेरपीची एक सख्खी बहीण आहे, तिला व्यवसायोपचार म्हणतात. फिजिओथेरपी स्नायूंची ताकद, तोल, चालणं यांच्याकडे जास्त लक्ष देते, तर व्यवसायोपचार बटण लावणं, भाजी चिरणं, लिहिणं अशी रोजची कामं पुन्हा शिकवतो. या बहिणीला आपल्या देशात आणलं ते एका सुनेनं. कमलाबाई निंबकर या मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लुंडी. विष्णुपंत निंबकरांशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. चाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, हे शास्त्र शिकून आल्या आणि १९५० साली के. ई. एम. मध्ये त्यांनी व्यवसायोपचाराचं विद्यालय सुरू केलं. आशियातलं ते पहिलं विद्यालय मानलं जातं. ‘आता या वयात काय शिकायचं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकीनं हे लक्षात ठेवावं.

पोलिओ आता आपल्या देशातून गेला. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. पण फिजिओथेरपिस्टचं काम काही संपलं नाही, उलट वाढलं. माणसं जास्त जगू लागली, रक्तदाब आणि मधुमेह घराघरात आला, रस्त्यांवर वाहनं वाढली. अर्धांगवायू, अपघात, गुडघ्यांची शस्त्रक्रिया, जन्मतःच मेंदूला इजा झालेली मुलं, या सगळ्यांना पुन्हा उभं करायचं काम तिच्याकडे आलं.

पण यात संशोधन ते काय?

समजा, तुम्हाला पापडखाराचं नवं प्रमाण कुणी सांगितलं. ते चांगलं की जुनं चांगलं, कसं ठरवाल? एकच डाळ घ्याल, एकाच दिवशी दोन घाणे कराल, एकात जुनं प्रमाण आणि दुसऱ्यात नवं. तळून दोन ताटांत ठेवाल आणि कुठलं ताट कुठलं हे न सांगता घरच्यांना चव बघायला लावाल. संशोधन म्हणजे जवळजवळ हेच. रुग्णांचे दोन गट करायचे, कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला नवे. सहा महिन्यांनी कोण किती चालतं, कप उचलतं, हे अशा माणसानं मोजायचं की ज्याला कोण कुठल्या गटातलं हे ठाऊकच नाही. मग आकडे खरं बोलतात.

या रीतीनं काय काय कळलं, ते ऐकण्यासारखं आहे.

पूर्वी समजूत होती की मेंदूचा जो भाग गेला तो गेला. आता माहीत आहे की मेंदूचे शाबूत भाग सरावानं नवं काम शिकू शकतात. एडवर्ड टाउब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं होतं, की अधू हात वापरायचा प्रयत्न फसला की प्राणी तो हात वापरणंच सोडून देतो. अधूपणा राहतो तो राहतोच, वर न वापरण्याची सवय जडते. मग त्यावर उपाय निघाला. चांगला हात मोज्यात अडकवून ठेवायचा आणि अधू हाताकडून कसून काम करून घ्यायचं. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवर याची पद्धतशीर पाहणी प्रसिद्ध झाली. दोन आठवड्यांच्या या उपचारानं हात सुधारला आणि ती सुधारणा वर्षभर टिकली. मात्र यासाठी अधू हाताचं मनगट आणि बोटं थोडी तरी हलत असावी लागतात, तेव्हा हे घरच्या घरी कुणी करू नये, बरं का!

आणखी एक गंमत पाहा. २००९ साली काही संशोधकांनी उपचार चालू असताना बाजूला बसून नुसतं मोजलं, की रुग्ण अधू हातानं उपयोगाची हालचाल किती वेळा करतो. सरासरी निघाली एका बैठकीत ३२ वेळा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदू बदलायला अशा शेकडो हालचाली लागल्या होत्या. म्हणजे औषध बरोबर, पण मात्रा चमचाभर हवी तिथे थेंबभर! नुसतं मोजायला बसलेल्या त्या माणसांनी केवढी मोठी गोष्ट दाखवून दिली.

यंत्रानं काम होईल का?

आता तुम्ही म्हणाल, शेकडो वेळा करून घ्यायचं तर यंत्रच बरं. न थकता, न कंटाळता हलवत राहील. अगदी असाच विचार शास्त्रज्ञांनीही केला. हात पट्ट्यात अडकवला की तो पुढे-मागे नेणारे यंत्रमानव निघाले. समोर पडद्यावर खेळ, त्यातला ठिपका हातानं पकडायचा. पट्ट्यांनी वरून तोलून धरून सरकत्या पट्ट्यावर चालवणारी यंत्रं आली. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांच्या जाहिरातींत आता ही यंत्रं दिसतात आणि घरातली माणसं दागिने मोडून तिथे जायची तयारी करतात.

म्हणून हे दोन आकडे नीट वाचा. अमेरिकेत ४०८ रुग्णांची पाहणी झाली, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. काहींना पट्ट्यांनी तोलून सरकत्या पट्ट्यावर चालवलं. काहींच्या घरी फिजिओथेरपिस्ट गेले आणि त्यांनी ताकदीचे, तोलाचे व्यायाम करून घेतले. दोन्हीकडे ३६ बैठका, प्रत्येक दीड तासाची. वर्ष उलटल्यावर पाहिलं, तर दोन्हीकडे निम्म्याहून थोडे जास्त रुग्ण चालण्यात सुधारले होते. महागडं यंत्र पुढे गेलं नाही, घरचा व्यायाम मागे पडला नाही. दुसरी पाहणी ब्रिटनमधली, २०१९ सालची, ७७० रुग्णांची. हात हलवणाऱ्या यंत्रमानवाचा सराव घेतलेल्यांचा हात रोजच्या वापरात नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारलेला दिसला नाही.

याचा अर्थ यंत्रं टाकाऊ, असा कृपा करून घेऊ नका. काही रुग्णांना, काही अवस्थांत त्यांचा उपयोग होतो आणि यंत्रंही सुधारत आहेत. पण यंत्र आहे म्हणून माणूस बरा होईल, हा हिशेब चुकीचा. आपल्या गावात ते यंत्र नाही म्हणून आपलं माणूस राहून गेलं, ही खंतही बाळगू नका.

मग घरच्यांनीच करायचं का?

इथे खरी गोष्ट सुरू होते आणि ती आपल्या बायकांची आहे.

आपल्या देशात फिजिओथेरपिस्ट कमी, खेडी लांब, पैसा तोकडा. तेव्हा घरच्याच माणसाला शिकवून व्यायाम करून घेतले तर? कल्पना उत्तम आणि स्वस्त. तिची परीक्षाही आपल्याच देशात झाली. १४ रुग्णालयांतले १२५० रुग्ण घेतले. निम्म्या रुग्णांच्या घरच्या माणसाला रुग्णालयातच शिकवलं, घरी गेल्यावरही मार्गदर्शन केलं. उरलेल्या निम्म्यांना नेहमीसारखे उपचार. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर दगावलेल्या किंवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचं प्रमाण दोन्ही गटांत शेकडा ४७. फरक नाही!

मैत्रिणींनो, या आकड्यावर क्षणभर थांबा. ‘घरचं माणूस’ म्हणजे कोण, हे मी तुम्हाला सांगायला नको. ती पत्नी असते, सून असते, शाळा सोडून घरी राहिलेली मुलगी असते. पहाटे पाणी भरायचं, डबे करायचे आणि मधल्या वेळात साठ-सत्तर किलोच्या माणसाला उठवायचं. माणूस सुधारला नाही की आडून बोल लागतो, ‘सुनेनं नीट करून घेतलं नाही.’ ती बिचारीही मनात तेच म्हणत राहते. तिला हा निकाल वाचून दाखवायला हवा. तिची माया कमी पडली नव्हती. थोडंसं शिकवून सगळा भार घरच्यांवर टाकला, तर प्रशिक्षित माणसाचं काम त्यानं भरून निघत नाही, एवढंच या आकड्यांतून दिसतं.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवा. नुसत्या यंत्रानं भागत नाही, नुसत्या मायेनंही भागत नाही. जिथे घरी जाऊन शिकलेल्या माणसानं नेमानं व्यायाम करून घेतले, तिथे ते महागड्या यंत्राच्या तोडीस तोड उतरले. त्या दोहोंच्या मधली जागा आहे ती शिकलेल्या हाताची. आपली ही संशोधन करणारी मुलगी नेमकी त्या जागेसाठी धडपडते आहे. एका फिजिओथेरपिस्टला दहा घरांपर्यंत पोचता येईल असं काय करावं? कुठलं स्वस्त साधन घरी ठेवलं तर तीस हालचालींच्या तीनशे होतील? सुनेला काय सोपवावं आणि काय मुळीच सोपवू नये? हे तिचे प्रश्न आहेत.

साधनाला घर ठाऊक हवं

पुनर्वसनाची साधनं बाहेरून आणून आपल्या घरात बसवता येत नाहीत, हे १९६८ साली जयपूरनं दाखवून दिलं. तेव्हा मिळणारा कृत्रिम पाय बुटात घालायचा असे. तो घालून उकिडवं बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी शेतात जाता येत नसे. मग तो कोपऱ्यात पडून राही. रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरानं आणि डॉ. पी. के. सेठी यांनी रबराचा असा पाय घडवला की जो अनवाणी वापरता येतो, चिखलात चालतो आणि उकिडवं बसू देतो. तोच जयपूर फूट. आपल्या बसण्या-उठण्याची रीत समजून घेतली, म्हणून तो घराघरात चालला.

आपल्या महाराष्ट्रातही अशी खटपट चालू आहे. मुंबईच्या पवई आयआयटीत २०१४ साली ‘बेटिक’ नावाचं केंद्र निघालं. तिथे डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून इथल्या गरजेची वैद्यकीय उपकरणं तयार करतात. पण इंजिनिअरला घर कोण दाखवणार? पंचवटीतल्या जुन्या वाड्याचा अरुंद जिना, उंच उंबरठा, परसातला संडास, हे त्याच्या संगणकावर नसतं. निफाड-पिंपळगावकडे द्राक्षबागेत दिवसभर हात वर करून घड विरळणाऱ्या बाईचा खांदा का धरतो, हे प्रयोगशाळेत बसून कळत नाही. ते पाहणारी, मोजणारी आणि इंजिनिअरला समजावून सांगणारी मुलगी हवी. म्हणून तिचं काम पुष्कळदा उन्हातान्हात, दारोदार असतं. हातात वही, खिशात मोजपट्टी आणि सेकंद दाखवणारं घड्याळ. रुग्णाला तिसऱ्या भेटीला यायला जमत नाही, बसभाडं परवडत नाही, तोडणीचा हंगाम येतो, आणि वर्षभराची मेहनत अर्धवट राहते. कधी शेवटी उत्तर येतं, ‘या उपायाचा उपयोग नाही.’ तेही प्रामाणिकपणे लिहायचं. कारण वरचे आकडे अशाच ‘उपयोग नाही’ लिहिणाऱ्यांनी आपल्यापर्यंत पोचवले आणि कित्येकींचे दागिने वाचवले.

घरात अर्धांग झालं तर

आता थोडं आपल्या कामाचं. हे कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.

तोंड एका बाजूला वाकडं झालं, दोन्ही हात वर केले असता एक खाली घसरला, बोलणं अडखळलं, यांपैकी एक जरी अचानक दिसलं तर घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी डोक्याचं सीटी स्कॅन व्हावं लागतं. म्हणून ‘उद्या सकाळी बघू’ म्हणू नका. १०८ ला फोन करा. तोंडात पाणी, दूध, औषध काही घालू नका, गिळण्याची शक्ती गेली असेल तर ते फुप्फुसात जातं.

रुग्णालयात असतानाच ‘फिजिओथेरपिस्ट कधी येणार?’ असं विचारा. पण उतावीळपणाही नको. २०१५ साली २१०४ रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात पहिल्या चोवीस तासांतच जोरानं उठवून चालवायला लागलेल्यांची प्रगती उलट थोडी कमीच दिसली. सुरुवात लवकर हवी, पण थोडी थोडी आणि सांगतील तशी.

अधू हात धरून माणसाला कधीही ओढू नका, काखेत हात घालून उचलू नका. सैल पडलेला खांदा निखळतो आणि पुढे महिनोन्महिने दुखतो. झोपलेलं असताना तो हात उशीवर ठेवा, बसलेलं असताना मांडीवर किंवा टेबलावर आधार द्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. तेल लावायचं तर हलक्या हातानं लावा, त्यानं माणसाला बरं वाटतं. पण मालीशनं गेलेली हालचाल परत येत नाही, आणि आखडलेली बोटं जोर लावून उघडायची नसतात. मुठीत दाबायला चेंडू द्यायचा का, हेही आधी विचारा, ताठरलेल्या हाताला तो सोसतोच असं नाही.

चमचा, कंगवा, दाराची कडी, जे जमेल ते त्याला स्वतः करू द्या. वेळ लागेल, सांडेल. मायेपोटी सगळं आपण केलं की हात न वापरायची सवय लागते, ती सोडवणं फार कठीण.

आणि तुमची पाठ? उचलताना कमरेतून वाकू नका. गुडघे वाकवा, माणसाच्या अगदी जवळ उभ्या राहा, त्याच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा. कसं धरायचं ते एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. घरातल्या पुरुषांनाही त्याच वेळी शेजारी उभं करा. शिकवताना फक्त सून हजर राहिली, की पुढचं सगळं काम तिच्याच नावावर लागतं!

घरात वयस्क सासूबाई असतील तर एक सोपी चाचणी आहे, १९९१ पासून ती जगभर वापरतात. हातांची खुर्ची घ्या, तिच्यापासून तीन मीटरवर, म्हणजे साधारण दहा फुटांवर, खडूची रेघ मारा. सासूबाईंनी उठायचं, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. काठी लागत असेल तर असू द्या, आणि तुम्ही जवळच चाला. बारा सेकंदांहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला असू शकतो. घाबरायचं कारण नाही, पण डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. मांड्यांची ताकद आणि तोल या वयातही व्यायामानं सुधारतो. न्हाणीघरात कठडा बसवला आणि सुटं पायपुसणं काढून टाकलं, तरी पुष्कळ अनर्थ टळतात.

मुलीच्या आईसाठी

शेवटी मुलीच्या आईला दोन शब्द. संशोधनाच्या पहिल्या वर्षांत हातात पैसा कमी असतो, मान त्याहून कमी. तिच्या बरोबरीच्या मैत्रिणींनी दवाखाने थाटलेले असतात आणि ही अजून कागद भरत असते. घरी आली की ‘झालं का तुझं?’ हा प्रश्न तिला टोचतो. त्याऐवजी ‘आज काय मोजलंस?’ असं विचारून बघा. स्थळ पाहताना ‘मुलगी हॉस्पिटलमध्ये असते’ असं गुळमुळीत सांगू नका. ती काय करते हे वर सांगितलंय तसं सरळ सांगा. ज्या घरात म्हातारी माणसं आहेत, त्या घराला ते लवकर समजेल.

आणि अशी एखादी मुलगी वही-घड्याळ घेऊन तुमच्या दारी आली, ‘आजोबा खुर्चीतून कसे उठतात ते बघू का?’ म्हणाली, तर तिला आत घ्या. ती कुठल्या संस्थेची आहे, संमतीचा कागद कशासाठी आहे, हे नीट विचारून घ्या, तुमचा तो हक्क आहे. मग उंबरठा किती उंच आहे, संडासात कशाला धरून बसावं लागतं, पाठ कधी भरून येते, सगळं तिला सांगा. ही माहिती तिला दुसऱ्या कुणाकडून मिळणार नाही.